बेवारस सायकल

स्टेशनात सारखं वाजत असतं ना, कोणत्याही बेवारस वस्तूला हात लावू नका, ती खेळणं, ट्रान्झिस्टर, डबा काहीही असू शकते वगैरे, ते मी झोपेतसुद्धा म्हणून दाखवलं असतं. लोकल सोडून मला दोन वर्षं झाली होती तरी कानातून गेलं नव्हतं. पण आपली स्वतःची सायकल कधी या यादीत जाऊन बसेल असं काही वाटलं नव्हतं.

सायकल म्हणजे काय, जुनी काळी हर्क्युलस, रिटायर झालेल्या एका पोस्टमनकडून सातशे रुपयांना घेतलेली. मागे लोखंडी कॅरियर, दणकट स्टँड, आणि घंटी अशी की लालबागला वाजवली तर भायखळ्याला कळावी. डॉक्टर म्हणाले साखर बॉर्डरवर आहे, चाला. चालायला वेळ कोणाला आहे, मग म्हणलं नोकरीवरच सायकलने जाऊ. लालबाग ते बॅलार्ड इस्टेट, सहा-सात किलोमीटर होत असतील. भायखळ्यापर्यंत सरळ, मग जेजे फ्लायओव्हरच्या खालून महंमद अली रोडने, क्रॉफर्ड मार्केट, व्हीटी, की आलं ऑफिस. (आता सीएसएमटी म्हणायला हवं, माहितेय. जीभ ऐकत नाही.) काम क्लिअरिंग एजंटकडे, म्हणजे बंदरातला माल कस्टममधून सोडवणाऱ्याकडे, हिशेबाचं. बिल ऑफ एन्ट्री, ड्युटी, चलनं, कंटेनर कुठे अडकलाय ते फोनवर ओरडून विचारणं, असलं.

2008 च्या नोव्हेंबरमधला तो बुधवार, 26 तारीख. कटकला इंग्लंडशी वनडे होती आणि आमच्या चाळीत सगळ्यांचे टीव्ही त्याच्यावरच, दारं उघडी, गॅलरीभर एकच कॉमेंट्री. मॅच आपण जिंकली आणि मग कोणीतरी चॅनल बदललं. पहिल्यांदा सांगत होते गँगवॉर आहे, कुलाब्यात फायरिंग. आई म्हणाली हे मेले पुन्हा सुरू झाले का, आणि झोपायला गेली. मग व्हीटी आलं, मग कामा हॉस्पिटल, मग ताज, ओबेरॉय, आणि तिकडे वाडी बंदरला टॅक्सीत स्फोट, म्हणजे आमच्या डॉकच्या रस्त्यावर. मग रात्री उशिरा करकरे, कामटे, साळसकर गेल्याची बातमी. तिघंही. चाळीत कोणीच झोपलं नाही, पण बोलतही नव्हतं कोणी, नुसते टीव्ही चालू.

गुरुवारी सगळं बंद, शेअर बाजारसुद्धा. साहेबांचा फोन आला येऊ नका. शुक्रवारी मात्र आला, की दोन जहाजांची कागदपत्रं आजच द्यायची आहेत, जमेल का. ताजमध्ये अजून गोळ्या चालू होत्या, नरिमन हाऊसवर हेलिकॉप्टरमधून कमांडो उतरवलेले टीव्हीवर दिसत होते आणि आमचे साहेब विचारतायत जमेल का. बायको म्हणाली, "अहो, वेड लागलंय का?" मी म्हणलं सायकलने जातो, गडबड दिसली तर वळवून परत येईन, ट्रेनमध्ये अडकलो तर अडकलोच. या लॉजिकमध्ये काही दम नव्हता पण बोलताना बरं वाटलं. तिने डबा भरून दिला.

ट्रेनने जाताना मधलं काही दिसत नाही, डोळे मिटले की भायखळा, उघडले की मस्जिद. सायकलवर प्रत्येक दुकानाचं शटर दिसतं, अर्धं उघडं की पूर्ण बंद. महंमद अली रोडवर त्या दिवशी जवळजवळ सगळी बंदच, चहावाला एक चालू होता आणि त्याच्याभोवती पेपर वाचणारे आठ-दहा जण, सगळे एकाच पेपरात डोकं घालून. ट्रॅफिक नसल्यामुळे माझ्या चेनचा आवाज मलाच येत होता, कर्र कर्र. तेल घालायला हवं होतं, हे त्या क्षणी सुचलं, काय करणार.

व्हीटीला पोचलो तर स्टेशन चालू. म्हणजे नीट चालू, लोक आत जातायत, बाहेर येतायत. गाड्या आदल्या दिवशी सकाळपासूनच सुरू झाल्या होत्या. या हल्ल्यात जी 166 माणसं गेली त्यातली पन्नासच्या वर या एका स्टेशनात गेली, बरीचशी गावाला जायला सामान घेऊन बसलेली, हिंदू मुसलमान सगळी, आणि कॅमेरे तीन दिवस ताजच्या घुमटाकडे लावलेले. मला ताजबद्दल काही म्हणायचं नाही, तिथल्या वेटर-स्वयंपाक्यांनी पाहुण्यांसाठी जीव दिला. पण स्टेशनातली लादी पुसून झाली की लगेच सव्वाआठची फास्ट, हे मला अजून पचत नाही. वर त्याला नाव स्पिरिट. 26 जुलैच्या पावसानंतर स्पिरिट, 2006 ला पश्चिम रेल्वेच्या सात डब्यांत बॉम्ब फुटले तेव्हा दुसऱ्या दिवशी पण स्पिरिट. अरे रजा कापतात रे बाबांनो. स्पिरिट आमच्याकडे फक्त स्टोव्ह पेटवायला असायचं.

तर ऑफिसात पोचलो, कागद केले, आणि दुपारी बोंब उठली की व्हीटीला परत सुरू झालं. फायरिंग, माणसं पळतायत, कोणाच्या मेव्हण्याने स्वतः बघितलं. साहेबांनी आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या हाताने शटर ओढलं. अफवा होती ती, निव्वळ अफवा, पण ते संध्याकाळी कळलं. तोवर आमचे हेडक्लार्क, वय अठ्ठावन्न, वजन नव्वदच्या पुढे, मला म्हणतात भायखळ्यापर्यंत सोडशील का. मग ते मागच्या कॅरियरवर दोन्ही पाय एका बाजूला टाकून, मांडीवर ब्रीफकेस, आणि मी उभा राहून पायडल मारतोय. रिकाम्या महंमद अली रोडवरून असे आम्ही दोघं. त्या तीन दिवसांत मी एकदाच हसलो तो तिथे, आणि तेही मागून ओरडले, "हसतोस काय, समोर बघ!"

शनिवारी सकाळी ताजमधलं संपलं. सोमवारी, 1 डिसेंबरला, सगळे कामावर. आणि मी नेहमीसारखी सायकल जिन्याखाली लावायला गेलो तर बिल्डिंगचे वॉचमन मामा आडवे.

"सायकल हितं न्हाय लावायची."

मला वाटलं चेष्टा. हे मामा म्हणजे स्टुलावर बसल्या बसल्या भिंतीला टेकून झोपणारे, एकदा तर मीच त्यांना उठवून सांगितलं होतं की कुरिअरवाला आलाय. आज उभे, शर्टाला इस्त्री, डोक्यावर टोपी, हातात काठी. मी म्हणलं मामा, दोन वर्षं इथेच लावतोय. तर म्हणाले, "जयपूरला काय झालं मे म्हयन्यात? सगळं सायकलीवरच ठेवलं हुतं का न्हाय? मालेगावला? तवा?"

आता याला काय उत्तर देणार. खरंच होतं. 13 मेला जयपूरमध्ये साठच्या वर माणसं गेली आणि बॉम्ब लावलेले होते सायकलींना, त्याआधी 2006 ला मालेगावलाही सायकलीच. दूधवाला, पाववाला, इस्त्रीवाला, इडलीवाला, डबेवाला, या सगळ्यांची सायकल कुठेही उभी असली तरी कोणी ढुंकून बघत नाही, म्हणूनच तर त्या लोकांनी ती निवडली असणार. तिची गरिबीच तिच्यावर उलटली म्हणायची. मी रस्त्यावर लॅम्पपोस्टला साखळी लावली. तासाभरात हवालदार वर आला, खाली बेवारस सायकल कोणाची आहे?

मग रोजचा एक खेळ सुरू झाला. एक दिवस शेजारच्या बिल्डिंगच्या बोळात, तिथून हाकललं. एक दिवस पानवाल्याच्या टपरीमागे, तो म्हणाला गिऱ्हाईक घाबरतं. 3 तारखेला बुधवारी संध्याकाळी गेटवेला हजारो लोक जमले, मेणबत्त्या, बोर्ड, घोषणा, पुढाऱ्यांना शिव्या. ऑफिसातले सगळे गेले म्हणून मीही गेलो आणि रीगलच्या चौकातच अडकलो, कारण पोलीस म्हणाला सायकल घेऊन पुढे नाही आणि ठेवायची तर इथे नाही. चौकातच उभा राहिलो, एका हातात हँडल, दुसऱ्या हातात पेटलेली मेणबत्ती. लिओपोल्ड, कुलाब्यातलं फायरिंग झालं ते हॉटेल, दोनच मिनिटांवर, पण मी तिथवरही नाही गेलो. एका मुलीने फोटो काढला माझा. कुठे छापला असेल तर माहीत नाही. अर्धी मेणबत्ती उरली ती खिशातून घरी आणली, बायकोने देव्हाऱ्याच्या खालच्या खणात ठेवली, लाइट गेले तर म्हणून. आमच्याकडे लाइट जात नाहीत.

9 तारखेला बकरी ईद. महंमद अली रोडवर लोक नव्या कपड्यांवर दंडाला काळी फीत बांधून निघालेले. मारल्या गेलेल्या अतिरेक्यांना पुरायला मरीन लाइन्सच्या बडा कब्रस्तानने जागा द्यायला नाही म्हणलं, ते पेपरात आलंच होतं. पण पेपरात वाचणं वेगळं आणि सायकल थांबवून एका आठ-नऊ वर्षांच्या पोराच्या दंडावरची सैल झालेली फीत त्याचा बाप परत बांधताना बघणं वेगळं. मी उगाच घंटी वाजवली आणि निघालो.

मामांशी मी अबोला धरला होता. मग एका दुपारी पाऊस नसताना छत्री घेऊन उभे दिसले, म्हणलं काय मामा, तर म्हणाले ऊन लागतंय, दिसभर हुबं असतो ना. मग विचारलंच मी, आधी तर बसायचात.

तर म्हणाले, "तुकाराम ओंबळे आमच्याकडचे."

म्हणजे मामा मेढ्याचे. ओंबळ्यांचं गाव केडंबे, तेही जावळी तालुक्यातच. ओंबळे म्हणजे मिल्ट्रीतून आलेला माणूस, डीबी मार्ग पोलीस ठाण्याचा एएसआय, गिरगाव चौपाटीच्या नाक्यावर हातात नुसती काठी घेऊन उभा होता. कसाबच्या रायफलची नळी दोन्ही हातांनी धरली, गोळ्या सगळ्या अंगावर घेतल्या आणि सोडली नाही. म्हणून कसाब एकटा जिवंत सापडला. मामांची ओळख नव्हती त्यांच्याशी, कधी भेटले पण नव्हते. पण म्हणाले, "त्यांच्या हातात बी काठीच हुती." आणि स्वतःच्या काठीकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग म्हणाले, "लावा आत सायकल. पर डबा दावायचा रोज. उघडून."

ठरलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी एका पुठ्ठ्यावर माझं नाव, तिसरा मजला, हिशेब, असं मोठ्या अक्षरात लिहून हँडलला सुतळीने बांधलं. हिशेबमधला शे पोटफोड्या काढला होता. मी काही बोललो नाही. आता ती बेवारस नव्हती, तेवढं बस.

डबा मात्र खरंच उघडायला लावायचे. पहिले काही दिवस एकदम सीरियस, झाकण उचलायचे, चपात्यांची चवड काठीच्या टोकाने नव्हे पण बोटाने हलवून बघायचे, भाजीच्या वाटीला कान लावायचे म्हणजे टिकटिक येते का. मेथी असली की "व्हय" म्हणायचे, गवार असली की "हं." नवरात्राचे उपास धरणारा माणूस, पण सुक्या जवळ्याच्या दिवशी तपासणीला जास्त वेळ लागायचा.

15 तारखेला सोमवारी चेन्नईची टेस्ट, 387 करायच्या होत्या चौथ्या डावात. इंग्लंडची टीम घरी जाऊन परत आली होती, तेच मोठं. साहेब बाहेरगावी असल्यामुळे अर्धं ऑफिस खाली पानवाल्याच्या छोट्या टीव्हीपुढे. सचिनने चौका मारला, त्याची सेंच्युरी पण झाली आणि मॅच पण, आणि तो म्हणाला ही मुंबईसाठी. हेडक्लार्क रुमालाने चष्मा पुसत होते. मामा तेवढे आले नाहीत. गेटवरून विचारलं, "जिंकलं?" आम्ही ओरडलो जिंकलं. "बरं झालं," म्हणाले आणि परत रस्त्याकडे तोंड करून उभे.

पुढच्या आठवड्यात ताज आणि ट्रायडंट थोडे थोडे उघडले, व्हीटीला वाळूच्या पोत्यांमागे बंदूकवाले बसले, आणि दारात मेटल डिटेक्टरच्या चौकटी आल्या, ज्यातून माणूस गेला की टी-टी वाजतं आणि वाजलं तरी कोणी वर बघत नाही. आमच्या बिल्डिंगमध्येही एक आणली मालकाने. ती दोन महिन्यांत बंद पडली आणि मग तिला टेकवून मी सायकल लावायला लागलो.

एकदा जानेवारीत उशीर झाला म्हणून सायकल तशीच आत ढकलली आणि जिना चढायला लागलो. दहा पायऱ्या गेलो असेन.

"ओ! डबा!"

खाली आलो. झाकण उघडलं. शेपू होता. मामांनी वाकून बघितलं, नाक मुरडलं, झाकण स्वतःच लावलं आणि म्हणाले, "जावा."