नाणेघाटात पूज्य नाही

मी गणिताची बाई होते हे कळलं की लग्नाच्या पंगतीत मठ्ठा येण्याआधी प्रश्न येतो. "शून्याचा शोध आर्यभटाने लावला ना? मग त्याआधी रावणाची दहा डोकी कुणी मोजली? आणि कौरव शंभर कसे?" विचारणारा हसतो, शेजारचे हसतात. इतकी वर्षं मीही हसून वेळ मारून नेली. आता तुम्ही विचारलंत म्हणून एकदा नीटच सांगते.

मोजायला शून्य लागत नाही. माझ्या आजीला अक्षरओळख नव्हती. खळ्यावर धान्य मापताना ती "लाभ, दोन, तीन" म्हणत पायल्या ओतायची. आमच्याकडे बारा पायल्यांचा मण. एक मण झाला की एक खडा बाजूला, वीस खडे झाले की खंडी. दहाला "दहा" आणि शंभराला "शंभर" असा शब्द असला की रावण आणि कौरव दोघांचंही काम भागतं. शून्य लागतं ते लिहिताना, आणि त्याहून जास्त, लिहून हिशेब करताना.

हे मला स्वतःला नीट उमगलं ते नाणेघाटात. आठवीची सहल होती. वैशाखऱ्याकडून चढून पोरं लेण्यात टेकली, घामाघूम. लेण्याच्या दोन्ही बाजूंच्या भिंतींवर सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख आहे, सुमारे 2000 वर्षांपूर्वीचा. कोणते यज्ञ केले आणि दक्षिणा किती दिली, याची ती यादी. एका ठिकाणी 1700 गाई, एका ठिकाणी 24,400 कार्षापण नाणी. आकडे शब्दांत नाहीत, खुणांनी कोरलेत. मी वहीत त्या खुणा उतरवून नेल्या होत्या. 24,400 ला खुणा फक्त तीन: एक वीस हजारांची, एक चार हजारांची, एक चारशेची. चार हजारांची खूण म्हणजे हजाराच्या खुणेला चार जोडलेला, आणि चारशेची म्हणजे शंभराच्या खुणेला चार जोडलेला.

"बाई, पूज्य कुठाय?" एकीने विचारलं. (आमच्या भागात अजून "एकावर पूज्य दहा"च म्हणतात. काहीच नसलेल्या गोष्टीला पूज्य म्हणणारी मराठी मला फार आवडते.)

पूज्य नव्हतंच, कारण त्याची गरज नव्हती. आपल्या 24,400 मध्ये दोन्ही चार दिसायला सारखे. कुठला हजाराचा आणि कुठला शंभराचा हे जागा सांगते, आणि जागा धरून ठेवायला शेवटी दोन पूज्यं बसवावी लागतात. नाणेघाटात प्रत्येक खूण आपली किंमत अंगावर घेऊनच उभी असते. "आता याला बाराने गुणा," मी म्हटलं. पोरांनी खुणा एकाखाली एक मांडून बघितल्या, पण हातचा ठेवायला घरच सापडेना. हिशेब कुठेतरी दुसरीकडे झाला असणार. भिंतीवर कोरलंय ते उत्तर.

आर्यभटाबद्दल मीही फळ्यावर "शून्याचा शोध: आर्यभट" असं अनेक वर्षं लिहिलं. चुकीचं लिहिलं. 499 सालच्या आर्यभटीयात तो आकडे अक्षरांनी लिहितो. "ख्युघृ" म्हणजे 43,20,000! त्या पद्धतीत पूज्य लागतच नाही. पण "स्थानात्स्थानं दशगुणं स्यात्", म्हणजे प्रत्येक घर आधीच्या घराच्या दहापट, हेही त्यानेच लिहिलंय, आणि घरं धरून वर्गमूळ काढायची रीतही दिली आहे. शून्याला धन आणि ऋण यांच्या पंगतीत बसवून त्याच्या बेरीज-वजाबाकीचे नियम सांगितले ते ब्रह्मगुप्ताने, 628 मध्ये. शून्याला शून्याने भागलं की शून्य, असंही तो म्हणून गेला. ते चुकलं. पुढे आपल्या चाळीसगावजवळच्या पाटण्याशी नाव जोडलेल्या भास्कराचार्यांनी 1150 च्या सुमारास शून्याने भागलेल्या संख्येला "खहर" म्हटलं, अनंत. तेही आजच्या कसोटीला पुरतं उतरत नाही. शाळेतल्या पोरांना मी हे मुद्दाम सांगायचे. एवढ्या मोठ्या माणसांनाही भागाकार नडला, हे ऐकून त्यांना भारी बरं वाटायचं.

ग्वाल्हेरच्या किल्ल्यावरच्या चतुर्भुज मंदिरात 876 चा लेख आहे. देवाच्या फुलबागेसाठी 270 हात लांब आणि 187 हात रुंद जमीन, आणि रोज 50 माळा. त्या 270 आणि 50 मध्ये चक्क आपलं वाटोळं पूज्य आहे, बाकीच्या अंकांपेक्षा जरा लहान. मला तो सगळ्यात जवळचा वाटतो, कारण तिथे कुणी सिद्धांत मांडत बसलेलं नाही. देवस्थानची पावती आहे ती.

आता फॉरवर्डवाल्यांसाठी एक. रिकाम्या घराची खूण बॅबिलोनच्या लोकांकडे आपल्या आधीपासून होती, माया लोकांकडेही होती. म्हणून "सगळं आमचंच" म्हणणाऱ्या मंडळींचा मला कंटाळा येतो, आणि रावणाचा विनोद करणाऱ्यांचाही तेवढाच. इथे घडलं ते असं, की रिकाम्या घराची खूण स्वतःच संख्या झाली आणि तिच्यासह दहा चिन्हांत कुठलाही आकडा मावायला लागला. अरबांनी "शून्य"चा "सिफ्र" केला, तो इटलीत पोचला, आणि 1299 मध्ये फ्लॉरेन्सच्या सराफांच्या संघाने या अंकांत रक्कम लिहायला बंदीच घातली. अक्षरांत लिहा म्हणाले. पूज्याचा सहा किंवा नऊ करणं फार सोपं, हे त्याचं कारण सांगतात.

चेकवर आपण रक्कम अजून अक्षरी लिहितोच. गेल्या महिन्यात माझा एक चेक परत आला. अक्षरी बरोबर होतं, अंकांत माझ्याच हातून एक पूज्य जास्त पडलं होतं. काउंटरवरच्या मुलाने चेक माझ्यापुढे सरकवला आणि अगदी नम्रपणे विचारलं, "मॅडम, तुम्ही आम्हाला आठवीला गणितच शिकवायचात ना?"