अण्णांचा हयातीचा दाखला ऑक्टोबरमध्येच झाला, तो पण घरी बसून (माझा अनुभव)

ऑक्टोबर लागला की आमच्या ठाण्यातल्या पाचपाखाडीच्या बिल्डिंगचा नोटीस बोर्ड एकदम भरून जातो. पावसाळाभर तिथे फक्त गळतीच्या तक्रारी असतात, आणि मग अचानक टाकी साफ करणार म्हणून अमुक दिवशी पाणी नाही, कुंड्यांखालच्या ताटल्या रिकाम्या करा डेंग्यूचे डास होतात, गेटजवळच्या झाडाच्या फांद्या छाटायला पालिकेकडे अर्ज दिलाय तोवर कोणी स्वतः कुऱ्हाड चालवू नये, मतदार यादीत नाव आहे का बघून घ्या, दिवाळी पहाटला तलावपाळीकडे गाडी नेऊ नका. शिवाय कंदिलाची वर्गणी, ती तर असतेच. खरं सांगायचं तर मी हा बोर्ड लिफ्टची वाट बघताना वाचते, आणि आमची लिफ्ट निम्मा वेळ बंद असते त्यामुळे तेवढंही वाचन होत नाही. पण गेल्या ऑक्टोबरला सेक्रेटरी काकांनी हाताने लिहिलेला एक कागद लावला होता, ८० वर्षांवरच्या केंद्र सरकारच्या पेन्शनरांना हयातीचा दाखला १ ऑक्टोबरपासूनच देता येतो, नोव्हेंबरची वाट बघू नका. तो वाचून मी तिथेच थांबले, कारण आमचे अण्णा ८२ वर्षांचे.

अण्णा म्हणजे माझे सासरे. कळव्याच्या कारशेडमध्ये फिटर होते, रेल्वेतून साठाव्या वर्षी रिटायर झाले. ऐंशी पूर्ण झाली तेव्हा मूळ पेन्शनवर २० टक्के जादा मिळायला लागलं (पंच्याऐंशीला ३० टक्के होतं, नव्वदीला ४०, शंभरीला डबल, अण्णांनी हे टेबल कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवलंय आणि त्यांचा शंभरचा इरादा पक्का आहे). पण पेन्शन चालू राहायला वर्षातून एकदा दाखला हवा, तो नोव्हेंबरमध्ये द्यायचा, नाही दिला तर पुढची पेन्शन थांबते.

आता आधीची गोष्ट थोडक्यात सांगते म्हणजे कळेल मी एवढी का वैतागले होते. अण्णांचे गुडघे गेलेत, तिसरा मजला, लिफ्टचं वर सांगितलंच. तरी दरवर्षी नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात त्यांना धरून धरून खाली उतरवायचं, रिक्षा करायची, बँकेत जायचं, तिथे सगळ्या ठाण्याचे म्हातारे एकाच दिवशी जमल्यासारखे, बसायला चार खुर्च्या, आणि नंबर लागला की बोटाच्या मशीनवर अण्णांचं बोट लागत नाही. अंगठा नाही, तर्जनी नाही, कुठलंच नाही. चाळीस वर्षं नटबोल्टचे पाने आणि ग्रीस हाताळलेले हात आहेत ते, बोटांवरच्या रेषा गुळगुळीत झाल्यात. काउंटरवरचा मुलगा म्हणायचा पुसून लावा, अण्णा धोतराला पुसायचे, परत लाल दिवा. शेवटी कागदाचा फॉर्म भरून अधिकाऱ्यासमोर सही. आणि एका वर्षी आम्ही हुशारी म्हणून एका सायबरवाल्याकडून डिजिटल दाखला काढला, डोळ्याच्या मशीनवर झाला पण, मेसेज आला, आम्ही खूष, आणि नंतर पेन्शनच जमा होईना. बँकेत विचारलं तर दाखला रिजेक्ट. त्या सायबरवाल्याने रेल्वेच्या जागी दुसरंच खातं निवडलं होतं. ते निस्तरेपर्यंत माझ्या नवऱ्याच्या रजा संपल्या.

म्हणून या वेळी ठरवलं, आपणच करायचं, मोबाईलवर, चेहऱ्याने. हा जीवन प्रमाण नावाच्या सरकारी सोयीचा डिजिटल दाखला २०१४ च्या नोव्हेंबरपासून आहे, पण तेव्हा बोट नाहीतर डोळ्याचं मशीन लागायचं. साध्या स्मार्टफोनच्या कॅमेऱ्यासमोर चेहरा दाखवून करायची सोय २०२१ मध्ये आली. ज्यांची बोटं लागत नाहीत त्यांच्यासाठी हीच खरी सोय आहे आणि गंमत म्हणजे बँकेत आम्हाला हे कोणीच बोललं नाही.

तर दोन ॲप लागतात. एक जीवन प्रमाण आणि दुसरं आधार फेस आरडी. दुसरं ॲप घेतल्यावर ते उघडून बघायला जाऊ नका, त्याला वेगळं काही दिसत नाही, ते मागे राहून चेहरा ओळखायचं काम करतं, पण ते नसेल तर पहिलं ॲप पुढे सरकत नाही. मग पहिली पायरी ऑपरेटरची, इथे बरेच जण गोंधळतात. ॲप आधी विचारतं की हा फोन चालवणारा कोण, म्हणजे पेन्शनर नाही, फोन धरणारा माणूस. त्याचा आधार, मोबाईल, ईमेल, ओटीपी, आणि त्याचाच चेहरा. हे मी माझं केलं. एकदा ऑपरेटर झालात की त्याच फोनवर कितीही पेन्शनरांचे दाखले काढता येतात, हे लक्षात ठेवा, पुढे कामाला आलं.

मग अण्णांची माहिती. आधार नंबर, मोबाईल, ओटीपी. त्यानंतरचा फॉर्म मात्र शांतपणे भरायचा. पीपीओ नंबर (पेन्शन पेमेंट ऑर्डरचा, म्हणजे पेन्शन मंजुरीच्या कागदाचा नंबर) पासबुकावरून नाही तर मूळ पेन्शनच्या कागदावरून बघून घातला. पेन्शनचा प्रकार सर्व्हिस की फॅमिली, मंजूर करणारं खातं कोणतं, पैसे देणारी बँक कोणती, खाते नंबर. रेल्वेला रेल्वेच निवडा, केंद्र सरकार म्हणून दुसऱ्या कशावर टिक करू नका, मागच्या वेळी तिथेच तर सगळं बिनसलं होतं. मी एकेक ओळ मोठ्याने वाचत होते आणि अण्णा कागदावरून ताडून हो म्हणत होते, ऑफिसातल्यासारखं. शेवटी दोन प्रश्न येतात, पुन्हा नोकरी धरली आहे का आणि पुनर्विवाह केला आहे का. मी दुसरा प्रश्न वाचला तशी स्वयंपाकघरातून सासूबाईंचा आवाज, "नाही म्हण गं, पण त्यांना एकदा विचारून घे." अण्णा गंभीरपणे म्हणाले, "नाही. स्थळं आली नाहीत."

चेहऱ्याचा भाग सोपा वाटतो पण तिथेच वेळ गेला. आधी ट्यूबलाइटखाली करून बघितलं, नाही. गॅलरीत खुर्ची टाकली तर मागून ऊन, अण्णांचा चेहरा काळा, ऑक्टोबरचं ऊन तुम्हाला माहितीये, चार वाजतासुद्धा डोळे दिपतात. मग खुर्ची उलटी केली, चेहऱ्यावर उजेड आणि पाठीमागे भिंत, भिंतीवर कॅलेंडर आणि गणपतीचा फोटो होता तर सासूबाईंनी पांढरी चादर लावली आणि स्वतः दोन्ही टोकं धरून उभ्या राहिल्या. चष्मा काढला. आता अण्णा म्हणजे जुन्या पिढीतले, फोटो म्हटला की ते श्वास रोखून डोळे वटारून ताठ बसतात, आणि ॲपला हवं असतं की तुम्ही डोळे मिचकावा, म्हणजे त्याला कळतं की समोर माणूस आहे, छापलेला फोटो नाही. मी म्हणते अण्णा डोळे मिटा आणि उघडा, ते एकच डोळा मिटतात. सासूबाई चादरीच्या मागून म्हणतात अहो मला नाही, फोनला दाखवा. माझा मुलगा हसून हसून जमिनीवर. शेवटी मुलानेच आजोबांच्या समोर बसून सावकाश डोळे मिटून दाखवले, अण्णांनी तसेच मिटले, आणि स्क्रीनवरचा गोल हिरवा झाला. मी खरंच टाळ्या वाजवल्या.

प्रमाण आयडीचा, म्हणजे दाखल्याच्या नंबरचा मेसेज लगेच आला. साइटवरून तो आयडी घालून पीडीएफ उतरवून घेतली आणि नवऱ्याला पाठवून दिली. पण इथे थांबू नका. हा मेसेज म्हणजे दाखला तयार झाला आणि पुढे गेला एवढंच, बँकेने तो स्वीकारला असा त्याचा अर्थ नाही. सायबरवाल्याच्या वेळी आमचं नेमकं हेच झालं होतं. म्हणून मी नंतर जीवन प्रमाणच्या साइटवर परत बघितलं आणि वर शाखेत फोन करून त्यांच्याकडे दिसतोय ना हे विचारून घेतलं. दिसत होता. ऑक्टोबरमध्ये शाखेतला फोन उचलतात आणि नीट बोलतात, नोव्हेंबरमध्ये त्यांना बिचाऱ्यांना श्वास घ्यायला वेळ नसतो. काही चुकलं असतं तरी दुरुस्तीला पूर्ण नोव्हेंबर हातात होता. ऐंशीच्या पुढच्या लोकांना एक महिना आधी दिलाय तो याचसाठी, वापरा तो.

ही बातमी आमच्या बिल्डिंगमध्ये लगेच सगळीकडे, कारण सासूबाई. संध्याकाळी सेक्रेटरी काका स्वतः वर आले की तुझ्या फोनवर आमचंही होईल का. काका एका खाजगी कंपनीतून रिटायर, त्यांची ईपीएस ९५ ची, म्हणजे प्रॉव्हिडंट फंडवाल्यांची पेन्शन. त्यांना नोव्हेंबरचं बंधनच नाही, वर्षात कधीही दाखला द्या, दिल्यापासून एक वर्ष चालतो. हे त्यांना स्वतःलाच माहीत नव्हतं, इतकी वर्षं नोव्हेंबरच्या रांगेत उभे राहत होते आणि बोर्डावर दुसऱ्यांसाठी नोटिसा लिहीत होते! पहिल्या मजल्यावरच्या बाई जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त, त्या नोव्हेंबरमध्ये बँकेत यादीवर सही करतात. त्यांना मी म्हटलं मोबाईलवर करू, तर म्हणाल्या नको, मला सहीच बरी, जुन्या मैत्रिणी भेटतात तिथे. यावर मी काय बोलणार. मग दिवाळीनंतर एका रविवारी सोसायटीच्या ऑफिसात, खिडकीसमोर खुर्ची, मागे तीच चादर, आणि आजूबाजूच्या दोन बिल्डिंगमधलेही काही जण आले. बऱ्याच जणांचं झालं. ज्यांचा आधारमधला फोटो फार जुना होता त्यांचा चेहरा काही जुळेना, त्यांना आधी आधार केंद्रात जाऊन फोटो आणि बोटं अपडेट करून या म्हटलं.

दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंचा प्रश्न वेगळा होता. फॅमिली पेन्शन, त्यांचे यजमान गेल्यापासून. पलंगावरून उठत नाहीत, मान स्थिर राहत नाही, चेहरा माझ्याच्याने होईना. त्यांच्यासाठी पोस्टाला सांगितलं. इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेची ही सेवा आहे, पोस्टमन घरी येऊन दाखला काढून देतो, पेन्शन कुठल्याही बँकेत असली तरी चालते, ७० रुपये. आमचे नेहमीचेच पोस्टमन आले, काकूंना वर्षानुवर्षं ओळखणारे, फोन आणि मशीन घेऊन. आधी काकूंची चौकशी केली, मुलगी कशी आहे विचारलं, मग म्हणाले काकू इकडे बघा, आणि काकूंनी बघितलं. माझ्याकडे का नाही बघितलं देव जाणे. चहा घेऊन पोस्टमन पुढच्या घरी. ज्यांच्या घरात अंथरुणावर कोणी आहे त्यांनी माझ्यासारखा तासभर खटाटोप न करता सरळ हेच करा. आणि मोबाईल, बोट, पोस्टमन काहीच जमत नसेल तर कागदी फॉर्मवर राजपत्रित अधिकाऱ्याची सही घेऊन तो बँकेत दिला तरी चालतो, पेन्शनरने स्वतः जायची गरज नाही. ओळखीत कोणी राजपत्रित अधिकारी असेल तर बघा.

एक मात्र सावध राहा. नोव्हेंबरमध्ये अण्णांच्या फोनवर एक जण, पेन्शन ऑफिसातून बोलतोय, तुमचा दाखला आला नाही, ओटीपी सांगा मी इथून भरून टाकतो. गोड बोलणारा, अण्णांचं नाव पण माहीत. अण्णा म्हणाले, "माझा झालाय, सुनेने केलाय, तुमचा झाला नसेल तर तिला सांगतो." फोन कट. पेन्शन ऑफिस किंवा बँक असा फोनवरून दाखला कधीच भरून देत नाही, घरातल्या म्हाताऱ्यांना हे आधीच सांगून ठेवा, कारण हे लोक बरोबर याच दिवसांत फोन करतात.

आणि कोणाचा नोव्हेंबर चुकलाच तर घाबरून जाऊ नका. पेन्शन थांबते, पण दाखला दिला की पुन्हा सुरू होते आणि थांबलेले पैसे मागच्या तारखेपासून मिळतात. फक्त उगाच लांबवू नका, तीन वर्षांच्या वर गेलं की प्रकरण बँकेच्या हातात राहत नाही, वर मंजुरीला जातं. पाचपाखाडी, नौपाडा, चंदनवाडी भागातलं कोणी अडलं असेल तर विचारा, ऑपरेटर म्हणून माझा चेहरा नोंदवलेलाच आहे, चादर सासूबाईंकडे मिळेल.