वरचा रकाना कोरा

८ नोव्हेंबर २०१६, मंगळवार. मी तेव्हा डेट्रॉईटजवळ एका फार्मसीत फार्मसिस्ट होते, सिटिझन होऊन दोनच वर्षं झालेली, अध्यक्षपदासाठी आयुष्यातलं पहिलं मत, म्हणून सकाळी सातला केंद्र उघडायच्या आधीच रांगेत जाऊन उभी राहिले. मार्चच्या प्रायमरीत, म्हणजे डेमोक्रॅटिक पक्षाचा उमेदवार ठरवायच्या मतदानात, सगळ्यांसाठी सरकारी विमा मागणाऱ्या बर्नी सँडर्सला दिलं होतं, सगळे पोल हिलरीच्या बाजूने असताना मिशिगन तो थोडक्यात जिंकला आणि त्या आनंदात मी घरी साखरभात केला होता. आता पक्षाची उमेदवार झालेल्या हिलरी क्लिंटनच्या नावापुढचा गोल काळा करताना पेन दोनदा उचललं. सगळ्यांसाठी एकच सरकारी विमा कधीच होणार नाही असं ह्याच बाई जानेवारीत आयोवात म्हणाल्या होत्या. पण समोर ट्रम्प होता, दिलं मत.

साडेअकराला आमचे एक नेहमीचे पेशंट आले, पन्नाशीचे, इन्सुलिनवर. डॉक्टरांनी दोन व्हायल, म्हणजे औषधाच्या छोट्या बाटल्या, लिहून दिलेल्या, म्हणाले एकच दे. स्क्रीनवर बघितलं तर महिन्याचं औषध त्यांनी जवळजवळ दोन महिने पुरवलेलं. हळूच विचारलं तर काउंटरकडे बघत म्हणाले, "ज्या दिवशी कमी जेवतो त्या दिवशी कमी घेतो." ओबामाकेअरचा, म्हणजे ओबामांच्या आरोग्य कायद्यातला, विमा होता त्यांच्याकडे, पण डिडक्टिबल, म्हणजे विमा सुरू होण्याआधी स्वतःच्या खिशातून भरायची रक्कम, सहा हजार डॉलर आणि एक व्हायल अडीचशेच्या घरात. मी औषध कंपनीच्या मदतीचा फॉर्म दिला, तो त्यांनी चार घड्या घालून शर्टाच्या खिशात ठेवला आणि एक व्हायल घेऊन गेले.

आमची टेक्निशियन पोरगी हे सगळं ऐकत होती. वय २५, नवव्या वर्षापासून टाईप वन डायबेटिस, कमरेला पंप, विमा आईचा, तोही २६ पूर्ण होईपर्यंतच. म्हणाली, "ह्यांना हिलरी काय देणार आहे?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी म्हटलं अगं ट्रम्प आला तर आहे हे पण जाईल, आणि तू मार्चमध्ये २६ ची होतेस. तर म्हणे, "दरवेळी भीतीच दाखवता. आमचं मत घरचंच म्हणून धरलेलं असतं, मग आमच्यासाठी काही करायची गरजच पडत नाही त्यांना."

राग आला, खरं सांगते. पण जी पोरगी नऊ वर्षांची असल्यापासून सुया टोचून घेतेय तिला मी विम्याचं काय शिकवणार?

लंचमध्ये ती मत देऊन आली, स्टिकर लावलेला. "खालचं सगळं भरलं, वरचा रकाना कोरा ठेवला."

मिशिगन हिलरी १०,७०४ मतांनी हरली, आणि अध्यक्षपदाचा रकाना कोरा ठेवलेल्या मतपत्रिका साधारण ७५ हजार निघाल्या. मित्रमंडळींत कितीजण म्हणाले, बघ, तुझ्या त्या पोरीसारख्यांमुळेच. मला हे तेव्हाही पटलं नाही, आजही पटत नाही. ती माणसं घरी बसली नव्हती, रांगेत उभी राहून आली होती, आणि त्यांना जे हवं होतं ते त्या कागदावर कुणाच्याच नावापुढे नव्हतं. मी मात्र परत तशी वेळ आली तर हिलरीलाच देईन, हेही तितकंच खरं.

२८ जुलै २०१७ ला मध्यरात्र उलटून गेल्यावर सिनेटमध्ये ओबामाकेअर मोडायच्या बिलावर मतदान होतं. तोवर ती टेक्निशियन पोरगी २६ ची झालेली, स्वतःचा विमा घेतलेला, तोही ओबामाकेअरमधूनच. दीडच्या सुमाराला ट्रम्पच्याच पक्षाचे सिनेटर जॉन मॅकेन यांनी विरोधात अंगठा खाली केला आणि ४९ विरुद्ध ५१ ने बिल पडलं, मी सोफ्यावरच बसले होते तेवढ्यात फोन वाजला. तिचाच मेसेज होता, "जागी आहेस ना?"