ओझर मिग, मामा आणि माझं फेव्हरिट फायटर

आमच्या शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दर दोन-चार महिन्यांनी कोणीतरी काडी टाकतंच, "फेव्हरिट फायटर जेट कोणतं?" झालं, मग रात्री एक वाजेपर्यंत नुसती हाणामारी. निम्मे राफेलवाले. एक जण एफ-१४ टॉमकॅटचा भक्त आहे, त्याला ते पंख मागेपुढे होणारं विमान सोडून जगात दुसरं काही दिसतच नाही. सुखोईवाले तर विचारूच नका. आणि मी दरवेळी मिग-२१ म्हणतो आणि दरवेळी शिव्या खातो. "उडती शवपेटी फेव्हरिट? ना भो, तुझं काही खरं नाही."

आता माझी बाजू ऐका.

मी पिंपळगाव बसवंतचा. ओझर आमच्यापासून हाकेच्या अंतरावर. जुन्नरकडचं विघ्नहर गणपतीचं ओझर वेगळं, आमचं ते ओझर मिग. एसटीचा कंडक्टर पण "ओझर मिगवाले चला पुढं" असंच ओरडायचा. गावाच्या नावाला विमानाचं नाव चिकटलेलं आणि त्याचं कोणाला काही विशेषच वाटत नाही. मला तर चौथीपर्यंत मिग म्हणजे कारखानाच वाटायचा, कारण घरोघरी एकच वाक्य, "त्याचा पोरगा मिगला लागला." लग्न जमायला तेवढं पुरायचं.

कारखाना ओझरला आला १९६४ च्या सुमारास. चीनच्या युद्धानंतर यशवंतराव चव्हाण दिल्लीला संरक्षणमंत्री म्हणून गेले, १९६३ मध्ये नाशिकमधूनच बिनविरोध लोकसभेवर निवडून आले, आणि जुनी माणसं सांगतात की मिगचा कारखाना ही त्यांनी नाशिककरांची केलेली परतफेड. असेलही. कामाची वाटणी अशी होती, की विमानाचा सांगाडा आणि जोडणी ओझरला, इंजिन ओडिशात कोरापुटला आणि इलेक्ट्रॉनिक्स हैदराबादला. हे कारखाने एचएएलचे, म्हणजे हिंदुस्तान एरोनॉटिक्सचे; त्यांनी मिळून साडेसहाशेच्या वर मिग-२१ बनवली, म्हणजे द्राक्षाच्या बागांमधून साडेसहाशे सुपरसॉनिक विमानं बाहेर पडली, विचार करा जरा.

माझे मामा १९७९ ला मिगला लागले, आयटीआय करून, फिटर म्हणून. त्यांचं काम रिव्हेटिंगचं. पत्र्याला भोक, भोकात रिव्हेट, एक जण या बाजूने गन धरणार आणि दुसरा आतल्या बाजूने लोखंडी ठोकळा दाबून धरणार. आतला माणूस बारीक अंगाचा लागायचा आणि मामा तेव्हा काडीपैलवान, त्यामुळे सुरुवातीची काही वर्षं ते विमानाच्या पोटातच असायचे म्हणे. आवाजाने एक कान कायमचा मंद झालाय, अजून टीव्ही फुल्ल लावतात, मामींची रोज कटकट. मामा रिव्हेटवरून बोटाचं पेर फिरवून दाखवायचे, असं. डोळ्याला दिसत नाही पण बोटाला कळतं, डोकं पत्र्याच्या जरा जरी वर राहिलं तरी बोट अडतं, आणि बोट अडलं की हवा पण अडणार. लहानपणी त्यांच्या घरी गेलो की मी गोदरेजच्या कपाटावरून बोट फिरवत बसायचो. का ते विचारू नका.

आणि आवाज. विमान टेस्टला निघालं की आधी लांबून गुरगुर, मग आफ्टरबर्नर (मागच्या झोतात जादा इंधन जाळून जोर वाढवणं) लागला की घराची काच तडतडायची, ताटल्या वाजायच्या, आमचे गणिताचे सर खडू हवेत धरून गप्प उभे राहायचे. विमान गेलं की वाक्य जिथं सोडलं तिथून पुढं सुरू. फॅन लोकांना विमानं का आवडतात याची उत्तरं मी भरपूर वाचलीत, वेग, शस्त्रं, रडार वगैरे, पण मला खात्री आहे की बहुतेकांचं प्रकरण कानातूनच सुरू झालेलं असतं. स्पेसिफिकेशन नंतर पाठ होतात. पुण्यात लोहगावजवळ, विमाननगर-धानोरीला वाढलेली पोरं सुखोईसाठी भांडतात ती काय थ्रस्ट व्हेक्टरिंग (इंजिनाचा झोत वळवून विमान फिरवणं) समजलंय म्हणून नाही हो, रोज सकाळी दूध तापत असताना डोक्यावरून गेलंय म्हणून. त्यातून प्रतिभाताई पाटील २००९ मध्ये राष्ट्रपती असताना, ७४ व्या वर्षी जी-सूट घालून लोहगावहूनच सुखोईत बसल्या, मग तर काय बोलूच नका.

बरं, आता विमानाविषयी. मिग-२१ म्हणजे एक नळी, तिला मागं इंजिन, मध्ये पायलट आणि बाजूला दोन त्रिकोणी पंख. बस. पंखांची रुंदी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सात मीटरच्या जरा वर, म्हणजे आमच्या वाड्याच्या ओसरीत मावेल. आणि वेग आवाजाच्या दुप्पट. १९५० च्या दशकात रशियन लोकांनी डोक्यात एकच काम ठेवून बनवलं, अमेरिकन बॉम्बर येताना दिसला की झटकन वर जायचं, पाडायचं, परत यायचं. त्यामुळे पेट्रोल कमी (पेट्रोल नाही खरं तर, केरोसीनचा प्रकार, पण आम्ही पेट्रोलच म्हणतो), पल्ला कमी, पण चढाई भन्नाट.

माझी सगळ्यात आवडती गोष्ट म्हणजे नाकातला तो शंकू. लोकांना वाटतं डिझाइन म्हणून दिलाय. तसं नाही. जेट इंजिनाला आवाजापेक्षा वेगात घुसलेली हवा चालत नाही, आत जायच्या आधी तिचा वेग उतरवावा लागतो. शंकूच्या टोकावर धक्क्याची लाट तयार होते, तिच्यातून जाताना हवा मंदावते आणि दाबाने भरते, मग इंजिन ती पितं. वेग वाढला की शंकू पुढं सरकतो, कमी झाला की मागं. आणि त्याच शंकूच्या पोटात रडार बसवलेलं! जागाच नव्हती दुसरी. म्हणून रडार छोटं, म्हणून लांबचं दिसत नाही. एका चांगल्या गोष्टीच्या पोटातच तिची अडचण. हे मला राफेलमध्ये सापडत नाही, राफेल म्हणजे वर्गात पहिला येणारा, डब्यात पण फळं आणणारा मुलगा.

उतरण्याचं मात्र अवघड. पंख एवढेसे, त्यामुळे हळू उडालं की विमान खाली पडायला बघतं, म्हणजे ताशी ३०० किलोमीटरच्या वरच्या वेगानेच धावपट्टी गाठायची, नाक वर असल्याने समोरचं धड दिसत नाही, चाकं टेकली की मागून पॅराशूट सोडायचं. हे सगळं विशीबाविशीतल्या पोराने करायचं. आणि कित्येक वर्षं आपल्याकडे ही पोरं किरणसारख्या साध्या ट्रेनरवरून सरळ मिगवर जायची, मधली पायरीच नव्हती. ती मधली पायरी, म्हणजे हॉक ट्रेनर, आला २००८ मध्ये. संरक्षणमंत्री अँटनींनी २०१२ साली संसदेत सांगितलं, की घेतलेल्या ८७२ मिग विमानांपैकी निम्म्याहून जास्त अपघातांत गेली आणि १७१ पायलट गेले. हा आकडा मी ग्रुपवर स्वतःच टाकतो, दुसऱ्याने टाकायची वाट बघत नाही. फ्लाइट लेफ्टनंट अभिजित गाडगीळ २००१ मध्ये सुरतगडला मिग-२१ मध्येच गेले, नंतर त्यांच्या आईवडिलांनी केवढा लढा दिला ते मराठी पेपर वाचणाऱ्यांना आठवत असेल. त्या बातम्या यायच्या तेव्हा मामा पेपर घडी करून ठेवायचे आणि त्या दिवशी कामावरचं काही बोलायचे नाहीत. मी एकदाच विचारलं, तर म्हणाले, "टेल नंबर छापत नाहीत रे पेपरात."

टेल नंबर म्हणजे शेपटीवरचा त्या एका विमानाचा नंबर, पण तेव्हा मला कळलं नव्हतं ते काय म्हणतायत.

पण मग हेच विमान १९७१ ला काय होतं ते पण बघा ना. १४ डिसेंबरला ढाक्यात गव्हर्नर हाउसमध्ये मीटिंग असल्याचा निरोप वायरलेसवर पकडला गेला, वेळ हातात फारच थोडा, आणि आपल्या मिग-२१ चे पायलट चक्क ढाक्याचा टुरिस्ट मॅप मांडीवर घेऊन निघाले. टुरिस्ट मॅप! शहराच्या ऐन मधोमध बिल्डिंग शोधून ५७ मिलिमीटरची रॉकेट्स मारली आणि पूर्व पाकिस्तानचे गव्हर्नर मलिक यांनी राजीनामा लिहून दिला, दोन दिवसांनी शरणागती. (त्याच दिवशी श्रीनगरवर निर्मलजीत सिंग सेखों एकट्या नॅटने, म्हणजे छोट्याशा फायटरने, पाकिस्तानच्या सेबर विमानांना भिडले, परमवीरचक्र. नॅटवर वेगळं लिहायचंय, ते माझं दोन नंबरचं प्रेम.) त्याच्या दोन दिवस आधी कच्छच्या आखातावर पाकिस्तानचं स्टारफायटर पाडलं ते पण मिग-२१ नेच, तोफेने. तेव्हा स्टारफायटर म्हणजे अमेरिकेचा लाडका, माणूस बसवलेलं मिसाईल म्हणायचे त्याला.

या विमानाची भीती किती होती याचा एक किस्सा. १९६६ मध्ये इस्रायलने मुनीर रेदफा नावाच्या इराकी पायलटला फितवून त्याला मिग-२१ सकट इस्रायलमध्ये उतरवला, का तर ते जवळून बघायला मिळावं म्हणून. इस्रायलने त्या विमानाला नंबर दिला ००७. नंतर ते उसनं घेऊन अमेरिकेने वाळवंटात गुपचूप उडवून तपासलं. आणि तेच विमान आमच्याकडे रशियन ड्रॉइंग बघून फिटर लोक डबा खाऊन जोडत होते.

सुखोईवाल्यांना एकच सांगतो, तुमचं विमान पण आमच्याच ओझरचं आहे बरं का. ब्रह्मोस मिसाईल लावायला सुखोईत जे बदल केले ते पण इथलेच. आणि २०२४ च्या जूनमध्ये टेस्टला निघालेलं एक सुखोई आमच्या निफाड तालुक्यात शिरसगावला शेतात पडलं, दोन्ही पायलट सुखरूप उतरले, तेव्हा अख्खा तालुका मोटारसायकलवर तिकडं. फॅन असण्याचा हा पण एक प्रकारच. आता तर तेजसची लाईन पण सुरू झालीय, ऑक्टोबर २०२५ मध्ये उद्घाटन झालं. पण एसटीच्या तोंडी ओझर तेजस बसणार नाही, लिहून घ्या.

तर २६ सप्टेंबर २०२५. चंदीगडला मिग-२१ चा निरोप. चंदीगडच का, तर १९६३ मध्ये पहिली स्क्वाड्रन तिथंच उभी राहिली होती, बासष्ट वर्षं झाली त्याला. मी सुट्टी टाकून मामांकडे गेलो. मामींनी शिरा केलेला, जणू कोणाचं रिटायरमेंट. टीव्ही फुल्ल आवाजात. हवाईदलप्रमुख स्वतः मिग उडवत होते. शेवटी जी उरली होती ती सगळी बायसन, म्हणजे मिग-२१ च्या बिस नावाच्या जुन्या मॉडेललाच नवं रडार आणि नवी मिसाईल्स बसवून तरुण केलेली. अभिनंदन वर्धमान २०१९ ला ज्यात होते ते हेच. आणि बिस बनायची बंद झाली १९८० च्या दशकात, म्हणजे समोर टीव्हीवर जे उडत होतं त्याचा पत्रा मामांच्या उमेदीच्या काळातला.

हे माझ्या डोक्यात तेव्हाच आलं, आधी कधी आलं नव्हतं, एवढं सगळं पाठ असून. मी मामांकडे बघितलं तर ते चष्मा शोधत होते.

विमानं उतरली, दोन्ही बाजूंनी पाण्याचे फवारे, कॅमेरा सारखा हलतोय, मधेच स्टुडिओतला अँकर ओरडतोय. मामा उठून टीव्हीच्या पार जवळ जाऊन उभे राहिले, मामी मागून म्हणतायत अहो बसा, आम्हाला दिसत नाहीये.

"सीयू पुढं काय आकडा आहे बघ रे," मामा म्हणाले. "शेपटीजवळ. तुझे डोळे चांगले आहेत."

मी बघितलं. पाणी उडत होतं, सीयू आणि पुढं दोन की तीन, मग कॅमेरा मंत्र्यांकडे वळला.

"दिसला का?"

"नाही मामा, हललं."

"परत दाखवतील," म्हणाले, आणि तिथंच उभे राहिले.