मराठी माणसाच्या खटल्यात इंग्रजी कशाला?

खालच्या कोर्टातले मराठी कागद हायकोर्टासाठी इंग्रजीत करून देते, असं मी माझं काम सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो. पक्षकार मराठी, वकील मराठी, जजसाहेबांनाही बहुतेक वेळा मराठी कळतं, मग मधे इंग्रजी कशाला? परवा भाचीच्या साखरपुड्यातही एका काकांनी विचारलं. तिथे धड बोलता आलं नाही, म्हणून इथे सांगते.

घटनेच्या ३४८व्या कलमाने सर्वोच्च न्यायालयाचं आणि उच्च न्यायालयांचं कामकाज इंग्रजीत ठेवलं. राष्ट्रपतींच्या संमतीने राज्यपाल उच्च न्यायालयात राज्याची भाषा आणू शकतात. राजस्थान, उत्तर प्रदेश, मध्य प्रदेश आणि बिहारमध्ये तशी हिंदी आली. मराठी अजून आलेली नाही.

पण काका, मुंबईचं हायकोर्ट एकट्या महाराष्ट्राचं नाही. गोवा त्याच्याखाली येतं, दादरा-नगर हवेली आणि दमण-दीवही येतं. म्हणजे मराठीच्या जोडीला कोकणी आणि गुजराती, शिवाय गोव्याच्या जुन्या दस्तांतली पोर्तुगीज. मुख्य न्यायमूर्ती सहसा परराज्यातले. अपील दिल्लीला गेलं की एका खंडपीठावर तमिळ आणि बंगाली न्यायमूर्ती शेजारी बसलेले असू शकतात. तिथे हिंदी लादावी म्हटलं, तर १९६५ साली मद्रास राज्य कसं पेटलं होतं ते आठवावं. २०११च्या जनगणनेत इंग्रजी ही मातृभाषा सांगणारे सुमारे २ लाख ६० हजार, मराठी सांगणारे ८ कोटी ३० लाख. इतक्या थोड्यांची आहे म्हणूनच ती सगळ्यांना चालते. न्यायमूर्तींना एकमेकांचं कळायला इंग्रजी लागते, हे मला पटतं.

मला पटत नाही ते हे, की त्याचा भुर्दंड पक्षकाराने भरायचा. भाषांतराचे पानामागे पैसे तो देतो, आणि चूक झाली तर जमीनही त्याचीच जाते.

काही वर्षांपूर्वी सातारा जिल्ह्यातल्या एका बाईंची साक्ष माझ्याकडे आली. झेरॉक्सची झेरॉक्स, अर्धी अक्षरं उडालेली. गहाण टाकलेल्या जमिनीबद्दल वाक्य होतं, ‘मालकांनी जमीन सोड’, मग एक डाग, मग ‘ली’. ‘सोडली’ वाचलं तर हक्क सोडून दिला. ‘सोडवली’ वाचलं तर कर्ज फेडून गहाणातून मोकळी केली. मराठीत एका ‘व’चा फरक, इंग्रजीत दोन वेगळे शब्द, आणि अर्थ एकदम उलटे. मालक म्हणजे बाईंचा नवरा, हे तरी मला कळत होतं. त्या गावांकडची बोली न ऐकलेल्याने जमीनमालक असं लिहून टाकलं असतं. ‘वहिवाट’ला तर अजून मला एक नेमका इंग्रजी शब्द सापडलेला नाही. कधी ताबा, कधी वापर, कधी रस्ता. दर वेळी पुढचं-मागचं वाचून ठरवावं लागतं.

मी मूळ प्रत मागवली. आठ दिवस गेले, वकील चिडले. प्रतीत ‘सोडवली’ होतं.

सुनावणीच्या दिवशी बाई शेवटच्या बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसल्या होत्या. वीसेक मिनिटं त्यांच्याच जमिनीबद्दल बोलणं चाललं होतं आणि त्या नुसत्या बोलणाऱ्यांच्या तोंडाकडे बघत होत्या. या बाकावरच्या माणसासाठी कोर्टाने आपल्या खर्चाने दुभाषी द्यावा आणि निकालाची मराठी प्रत इंग्रजी प्रतीबरोबरच हातात ठेवावी, असं मला फार वाटतं. सर्वोच्च न्यायालय २०१९पासून काही निकालांचे भारतीय भाषांतले अनुवाद देऊ लागलंय, त्याने मला धीर आला. पण ‘काही’ने माझं समाधान होत नाही.

बाहेर आल्यावर बाईंनी माझं भाषांतर हातात घेतलं. म्हणाल्या, ‘‘ताई, मालकांनी सोडवली ते कुठं लिवलंय, तेवढं दावा.’’ मी त्या ओळीवर बोट ठेवलं. त्यांनी आपलं बोट त्या शब्दावरून दोनदा फिरवलं आणि कागद घडी करून पिशवीत ठेवला.