एक पुडी, एक लिटर

रात्री अडीचला लेकीला तिसऱ्यांदा उलटी झाली, तेव्हा मी औषधांचा डबा उपसायला घेतला. क्रेप बँडेज, तळाला गेलेली बामची बाटली, कशासाठी आणल्या होत्या ते आता कुणालाच आठवत नाही अशा गोळ्या, आणि सगळ्यांच्या खाली ती पुडी. ओआरएस. कोपरा दातांनीच फाडला (कात्री अशा वेळी सापडली तर ती आमच्या घरातली नव्हेच), उकळून गार केलेलं पाणी बरोबर एक लिटर मोजलं आणि ढवळलं. चाखून पाहिलं. आई घरीच मीठ-साखरेचं पाणी करायची तेव्हा म्हणायची, "डोळ्यांतल्या पाण्यापेक्षा खारट लागता कामा नये."

खुडबुड ऐकून आत्या बाहेर आली. "पुड्यांनी काय होतंय गं? उजाडलं की दवाखान्यात ने, एक सलाईन लाव, उभी राहील पोर."

आमच्या घराण्याची सलाईनवर फार श्रद्धा. त्यात आत्याची चूक नाही. उलटी बाटली टांगलेली असते, नळीतून थेंब पडताना दिसतात, भेटायला येणाऱ्यांना सांगता येतं, "दोन बाटल्या लागल्या." फुलपात्रातल्या पाण्याला तो रुबाब कुठून येणार?

डॉ. दिलीप महालनाबिस हे नाव मला कळलं ते ऑक्टोबर २०२२ मध्ये, ते गेल्याची बातमी आली तेव्हा. इतकी वर्षं पुड्या फोडल्या, पण त्यामागे कुणी माणूस असेल हे डोक्यातही आलं नव्हतं.

१९७१ साल. पूर्व पाकिस्तानातून निर्वासितांचे लोंढे पश्चिम बंगालमध्ये येत होते आणि छावण्यांमध्ये पटकी, म्हणजे कॉलरा, पसरली होती. सीमेवरच्या बनगावच्या इस्पितळात पटकीच्या रुग्णांसाठी होत्या दोन खोल्या आणि सोळा खाटा. बाकीचे जमिनीवर. महालनाबिस बालरोगतज्ज्ञ, लंडनमध्ये काम करून कोलकात्याला परतलेले, तिथल्या संशोधन केंद्रात याच विषयावर अभ्यास करणारे. त्या खोलीत शीर शोधून सुई लावायची तर उलटी-जुलाबात गुडघे टेकून बसावं लागे, असं त्यांनी पुढे सांगितलं आहे. ते बसले. पण दोन दिवसांतच त्यांना कळून चुकलं की सलाईनच्या बाटल्या पुरणार नाहीत आणि ती लावणारे हात तर त्याहून कमी आहेत.

पटकीत आतडी पाणी नुसतं बाहेर लोटत असतात. वरून कितीही पाणी पाजा, ठरत नाही. मात्र त्या धुमाळीतही आतड्यातली एक वाट उघडी राहते. साखरेचं बोट धरून मीठ आत शिरतं आणि मिठाच्या मागोमाग पाणी. नुसत्या मिठाला ती वाट जवळजवळ बंद. हे प्रयोगशाळेत माहीत झालेलं होतं, ढाक्यात आणि कोलकात्यात रुग्णांवर पडताळूनही झालं होतं, पण ते इस्पितळात, जाणत्या डॉक्टरांच्या नजरेखाली. छावणीच्या गदारोळात ते कुणाच्याही हाती सोपवणं ही निराळी गोष्ट होती.

महालनाबिसांनी ते सोपवलं. लिटरमागे २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ, अडीच ग्रॅम खायचा सोडा. कोलकात्यात मोजून प्लॅस्टिकच्या पिशव्यांत भरायचं, तोंडं गरम इस्त्रीने बंद करायची आणि बनगावला न्यायचं. तिथे ते पिंपात कालवायचं, पिंपाला तोटी. पाजणार कोण? आई, भाऊ, मावशी, जे कुणी शेजारी बसलं असेल ते. मला यांच्या शोधापेक्षा हा विश्वास मोठा वाटतो. फॉर्म्युला एकट्या त्यांचा नव्हता, तसा दावाही कुणी करू नये. पण ज्यांच्या अंगावर धड कपडा नाही अशा माणसांच्या हातात पेला देऊन 'तुम्हीच वाचवा' म्हणणं सोपं नसतं. आधी छावण्यांत शंभरातले तीसेक दगावत होते. त्यांच्या देखरेखीखालच्या साडेतीन हजारांवर रुग्णांमध्ये हे प्रमाण ३.६ टक्क्यांवर आलं.

अहवाल छापून यायला मात्र १९७३ उजाडलं. तोंडाने पाजून पटकी आवरते हे मोठमोठ्यांना आमच्या आत्याइतकंच पटत नव्हतं. बांगलादेशात या पाण्याला 'खाबार सॅलाइन' म्हणतात, म्हणजे खायचं-प्यायचं सलाईन. हे नाव आत्याला आधी सांगायला हवं होतं.

पुडीचं त्यांनी पेटंट घेतलं नाही. उलट आयुष्याच्या उत्तरार्धात साठवणीतले एक कोटी रुपये कोलकात्यातल्या मुलांच्या इस्पितळाला देऊन टाकले. पद्मविभूषण जाहीर झाला २०२३च्या जानेवारीत. तोवर त्यांना जाऊन तीन महिने झाले होते.

उलटी झाली की दहा मिनिटं थांबायचं, मग पुन्हा चमचा. घाई केली की सगळं बाहेर. तिसऱ्या-चौथ्या खेपेला माझा डोळा लागला असावा, कारण दचकून पाहिलं तर वाटी माझ्या हातात नव्हती. आत्या पोरीचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. चमचा ओठाला लावायची, गिळल्याची खात्री करायची, घड्याळाकडे बघायची.

"अजून किती?" लेकीने डोळे न उघडताच विचारलं.

भांडं अर्ध्याहून जास्त भरलेलं होतं.

"झालंच," आत्या म्हणाली आणि पुढचा चमचा भरला.