मुंबई–कोबे कापूसव्यापाराच्या कागदांमागे टोकियोत

१८९३ मध्ये निप्पॉन युसेन काइशा या जपानी कंपनीने जमशेटजी टाटा यांच्या साथीने मुंबईशी थेट बोटसेवा सुरू केली आणि जपानच्या सूतगिरण्यांना आपल्याकडचा कापूस थेट मिळू लागला. या व्यवहाराची जपानी बाजू कागदांतून पाहावी, या हेतूने मी आठ दिवस टोकियोत राहिलो.

खरे काम मात्र निघण्यापूर्वीच सुरू झाले होते. २००१ मध्ये उघडलेल्या आशियाई ऐतिहासिक अभिलेख केंद्राच्या संकेतस्थळावर राष्ट्रीय अभिलेखागार, परराष्ट्र मंत्रालय आणि संरक्षण मंत्रालय यांच्याकडील जुने कागद नोंदणीशिवाय, विनामूल्य पाहता येतात. संदर्भ क्रमांक 'बी' अक्षराने सुरू झाला, की तो कागद परराष्ट्र मंत्रालयाचा समजावा. तिथे मुंबईचे नाव मी आज परकीय नावांसाठी वापरल्या जाणाऱ्या काताकाना या जपानी लिपीत शोधले, तेव्हा फारच थोडे हाती लागले. जुने कारकून मुंबई दोन कांजींत, म्हणजे चिनी मुळाच्या चित्राक्षरांत लिहीत, आणि ती जोडी टाकताच वकिलातीचे अहवाल समोर आले. 'कापूस' या शब्दाचीही तीच गत आहे: पहिली कांजी कधी झाडाच्या खुणेची असते, कधी धाग्याच्या, त्यामुळे दोन्ही रूपे शोधणे भाग पडते. साल मेइजी कालगणनेत, म्हणजे सम्राट मेइजींच्या राजवटीच्या वर्षांत असते, म्हणून त्यात १८६७ मिळवावे. मेइजी २६ म्हणजे १८९३.

टोकियोतील नागाताचो भागातल्या राष्ट्रीय संसद ग्रंथालयात पासपोर्ट दाखवून वाचक-पत्र मिळते. अठरा वर्षांवरील कोणालाही ते काढता येते, परदेशी असण्याची अडचण येत नाही. दप्तर लॉकरमध्ये ठेवून, लागणारे सामान तिथल्या पारदर्शक पिशवीतून आत न्यावे लागते. पुस्तके बंद कपाटांत असल्याने संगणकावर मागणी नोंदवून वाट पाहावी लागते. स्वतः छायाचित्र घेण्यास मनाई आहे. प्रती कर्मचारीच काढतात, आणि स्वामित्वहक्क शिल्लक असलेल्या पुस्तकाचा साधारण निम्माच भाग मिळतो. रविवार, सार्वजनिक सुट्ट्या आणि महिन्याचा तिसरा बुधवार हे दिवस तिकीट काढतानाच टाळावेत.

जपानचे पहिले पंतप्रधान इतो हिरोबुमी यांच्यासारख्या राजकारण्यांची खासगी कागदपत्रे याच इमारतीतील आधुनिक राजकीय इतिहासाच्या दालनात आहेत. माझ्या विषयाला त्यांची गरज फारशी पडली नाही.

माझ्या मते टोकियोला जाण्याचे सर्वांत मोठे कारण बाजारात न मिळणारी, पण स्वामित्वहक्क न संपलेली पुस्तके हे आहे. ग्रंथालयाने त्यांचे डिजिटायझेशन केले आहे. मात्र ती घरबसल्या वाचण्याची सोय जपानमध्ये राहणाऱ्या नोंदणीकृत वाचकांनाच आहे, आपल्याला ती या ग्रंथालयातील किंवा त्याच्या सहभागी ग्रंथालयांतील संगणकावरच उघडतात. म्हणून त्यांची यादी सोबत न्यावी आणि पहिले दोन दिवस त्यांनाच द्यावेत. हस्तलिखित पत्रे वळणदार जोडलिपीत असतात, एकेका ओळीला वेळ लागतो; अभिलेख केंद्राच्या संकेतस्थळावरून त्यांच्या प्रतिमा उतरवून घेऊन ती घरीच वाचावीत.